सरळ निरोप

शिवमला लग्नानंतर बारा वर्षांनी जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीच्या माघातली ही गोष्ट.

बारसं रविवारी होतं. वरवट बकालात शिवमच्या वडिलांच्या, म्हणजे वामनरावांच्या अंगणात मांडव पडला होता. मांडवात दोन पाळणे शेजारी शेजारी टांगले होते, एक घरचा आणि एक गल्लीतून मागून आणलेला. बायका पाळण्यांपाशी गर्दी करून होत्या, घुगऱ्या वाटणं चाललं होतं, आणि त्या गलबल्यात वामनरावांच्या खिशातला बटणांचा फोन वाजला. फोन बंगलोरहून आला होता. त्यांच्या धाकट्या भावाची, भागवतची मुलगी मयुरी बोलत होती.

"मोठे बाबा, बाबा सिरीयस हायेत," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता जास्त दिवस नाहीत. पण शुद्धीवर हायेत, बोलून राह्यले. तुमचंच नाव घेतात. लवकर या."

"हाव बेटा," वामनराव म्हणाले. "येतो."

फोन खिशात ठेवून ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. कापडदुकानदार रंगराव जवळच पंगतीत जेवत बसला होता. त्यानं नुसतं वर पाहिलं.

"भागवत," वामनराव म्हणाले. "सिरीयस हाय म्हणते पोरगी."

रंगरावानं हातातला घास पत्रावळीवर ठेवला. "समजलं," तो म्हणाला. "बारसं उरकून घ्या, मंग निघा. आता काय घाई."

आमच्या भागात मरणाचा निरोप कोणी सरळ देत नाही. माणूस गेला तरी लांबच्या नातेवाइकाला सांगायचं की तब्येत बरी नाही, सिरीयस आहे, निघून या. येणारा वाटेत कोसळू नये, परक्या लोकांत त्याला रडू फुटू नये, एवढ्यासाठी. ऐकणाराही मग खोदून विचारत नाही. डॉक्टर काय म्हणाले, फोन त्याच्याजवळ दे, असलं काही बोलत नाही. कारण तसं विचारलं की समोरच्याला खोट्यावर खोटं बोलावं लागतं, आणि दुःखातल्या माणसाला तसं करायला लावणं बरं नव्हे. सिरीयस म्हटलं की माणूस मुकाट्यानं पिशवी भरतो आणि निघतो.

ह्या कामात वामनरावांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. कोणाच्या घरी मयत झाली की लोक म्हणत, फोन वामनरावले लावू द्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि घाईचा नव्हता. मोताळ्याला दिलेल्या लेकीला बाप गेल्याचा निरोप द्यायचा असो, की पुण्याला नोकरीत असलेल्या पोराला आई गेल्याचा, वामनराव म्हणत, "थोडं पडून हायेत, तुझी आठवण काढून राह्यले, येऊन जाजो." किती जण त्यांच्या त्या शब्दांवर घरी आले आणि दारात जमलेली माणसं पाहून मग रडले. वामनरावांना त्यात पुण्य वाटे.

एकदाच कोणी त्यांना त्याबद्दल बोललं होतं, आणि तो भागवत होता.

भागवत तरणेपणीच बंगलोरला सूतगिरणीत फिटर म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. आई गेली तेव्हा वामनरावांनी त्याला नेहमीच्या आवाजात फोन केला होता, "आई सिरीयस हाय, तुझीच वाट पाहून राह्यली, ये." भागवत मिळेल त्या गाडीनं निघाला. वाटेत त्यानं आईसाठी लोकरीची शाल घेतली. ती शाल काखेत धरून तो घराच्या गल्लीत वळला, तर वामनराव मुंडण केलेल्या डोक्यानं ओट्यावर बसलेले. आईची राख केव्हाच थंड झाली होती.

"तू मले फसवलं, दादा," भागवत सगळ्या भावकीसमोर म्हणाला होता. "साऱ्या वाटेनं मी देवाजवळ तिचं आयुष्य मागत आलो. मेलेल्या माणसाचं आयुष्य मागत होतो मी. त्या देवालेही हसू आलं असन."

"अरे, तुझ्याच भल्यासाठी बे."

"माझं भलं तू नको पाहू. माझ्या घरून तुले कधी निरोप आला तर तो सरळच असन. मेलो तर मेलो, आहे तर आहे."

त्यानंतर दोघा भावांचं येणंजाणं राहिलं ते लग्नकार्यापुरतं. भागवत आला की मांडवात वामनरावांपासून लांब बसे, पाया पडून जेवून निघून जाई. शब्दाला शब्द असे, पण त्यात जीव नसे. वामनरावांना वाटे, कधीतरी येईल, बसेल, आपण समजावून सांगू. त्यात वर्षं निघून गेली.

तर रविवारी बारसं उरकलं. शिवमनं मोबाइलवर दुसऱ्या दिवशीच्या विमानाची तिकिटं काढली, नागपूरहून बंगलोर. संध्याकाळी रंगरावानं बंद दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि कोणी काही न बोलता एक फिकट, बिनकाठाचं पातळ काढून दिलं. नवरा गेलेल्या बाईला सासरकडून न्यायचं असतं तसलं. भागवतच्या बायकोसाठी, जयमालासाठी. दुकानाच्या कागदी पिशवीसकट ते वामनरावांच्या बॅगेत तळाशी गेलं.

त्यांची बायको शालूबाई त्या वेळी चुलीपाशी बारशाचे लाडू डब्यात भरत होती.

"हे कोणाले?" वामनरावांनी विचारलं.

"भाऊजीले. त्यायले डिंकाचे लाडू आवडतात."

वामनराव तिच्याकडे पाहत राहिले. "वेडी का काय तू? एवढं साऱ्या गावाले समजलं, तुले नाई समजलं?"

"मले पोरीनं सांगितलं ते समजलं," शालूबाई म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.

शेगावपर्यंत शिवमनं गाडीनं सोडलं, तिथून रेल्वेनं नागपूर, आणि सोमवारी सकाळी दोघं जण जन्मात पहिल्यांदा विमानात बसली. तपासणीच्या यंत्रातून लाडवांचा डबा गेला तेव्हा तिथल्या शिपायानं तो उघडायला लावला. शालूबाईनं त्यालाच एक लाडू पुढे केला. तो हसला आणि नको म्हणाला. वामनरावांनी मान दुसरीकडे फिरवली. सुतकात निघालेल्या घरची बाई लाडू वाटत फिरते, हे त्यांना बघवेना.

खुर्च्या पंखाच्या जरा मागं होत्या. खिडकीपाशी शालूबाई, मध्ये वामनराव. पलीकडे नागपूरचे शरच्चंद्र नावाचे गृहस्थ होते, बँकेतले, आणि त्यांच्यापुढच्या रांगेत त्यांची पत्नी प्रतिमा. शरच्चंद्र बोलके होते. भाचीच्या लग्नाला निघालो, म्हणाले. मुलीला बोहल्यावर घेऊन जायचा मान मामाचा, आणि मामा तर ऑफिसातून आजच सुटला.

"तुम्ही कुठं, काका?"

"भाऊ सिरीयस हाय," वामनराव म्हणाले.

"अरेरे. होतील बरे. काळजी करू नका."

वामनरावांनी मान हलवली. शहरातला माणूस, त्याला काय कळणार, असं त्यांना वाटलं.

विमान उडालं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. हळूहळू ते सरळ झालं, घंटी वाजली, विमानातल्या पोरी पाण्याची गाडी घेऊन निघाल्या. शालूबाई खाली बघत म्हणाली, "रानं पाहा कशी गोधडीसारखी दिसून राह्यली." वामनराव वाकून बघणार, तेवढ्यात धडाम् आवाज झाला.

भरल्या ट्रकचं टायर फुटावं तसा आवाज. पाठोपाठ पायाखालची जमीन थरथरू लागली. गिरणीत दगड गेल्यावर जातं जसं खडखडतं तशी खडखड शालूबाईच्या बाजूच्या पंखाखालून येत होती, आणि ती खुर्चीतून दातांपर्यंत पोचत होती. जळल्याचा वास आला. विमान एका अंगाला झुकलं. कुठंतरी लहान मूल किंचाळलं, कोणी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं, पाण्याची गाडी लोटत पोरी मागं पळाल्या आणि आपापल्या जागी पट्टे बांधून बसल्या.

"काय झालं?" शालूबाईनं त्यांचा हात धरला.

"काही नाई," वामनराव म्हणाले. तोंडातून तेच निघालं.

मग खडखड कमी कमी होत गेली आणि थांबली. त्या बाजूचा आवाजच बंद झाला. नुसतं एका बाजूनं घरघर, दुसऱ्या बाजूला काही नाही. ती शांतता खडखडीपेक्षा वाईट होती. तेवढ्यात वरून एका बाईचा आवाज आला. ती विमान चालवणारी कॅप्टन होती, नीरजा नावाची. आधी इंग्रजीत, मग हिंदीत आणि शेवटी मराठीत ती सावकाश बोलली. विमानाच्या डाव्या इंजिनात बिघाड झाला आहे. ते इंजिन आम्ही बंद केलं आहे. एका इंजिनावर विमान उडू शकतं आणि उतरूही शकतं, त्याचा आम्हाला सराव असतो. आपण नागपूरला परत जात आहोत. उतरण्याआधी काही तपासण्या करायच्या आहेत, म्हणून थोडा वेळ लागेल. उतरल्यावर विमानाभोवती आग विझवायच्या गाड्या दिसतील, त्या नियमाप्रमाणे येतात, घाबरू नका.

लोक जरा शांत झाले. वामनराव मात्र त्या आवाजानं गारठले. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मऊ, बिनघाईचा. असल्याच आवाजात त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं, थोडं पडून हायेत, येऊन जाजो. त्यांना वाटलं, संपलं. ही बाई आपल्याला गावाकडच्यासारखं सांगते आहे. इंजिन एक नाही, दोन्ही गेली असतील.

विमान फिरत राहिलं. एकदा वळलं, पुन्हा वळलं. शरच्चंद्र डोळे मिटून पुटपुटत होते. प्रतिमाबाईंनी खुर्च्यांच्या फटीतून मागं हात घातला होता, तो त्यांनी धरून ठेवला होता. वामनरावांना आईची आठवण आली नाही, शिवमची आली नाही, नव्या नातींची आली नाही. त्यांना दिसत होता गल्लीच्या तोंडाशी शाल काखेत धरून उभा असलेला भागवत. त्यांच्या मनात आलं, चला, आता वर गेल्यावर त्याच्याशीच बोलू.

मग जमीन वर आली. चाकं टेकली, विमान जोरात दबलं, एका बाजूला ओढल्यासारखं झालं, सरळ झालं आणि पळत पळत थांबलं. दोन्ही बाजूंना लाल गाड्या धावत होत्या. लोक टाळ्या वाजवू लागले. शालूबाईनं डब्याला हात लावून पाहिलं, लाडू शाबूत होते.

उतरताना कॅप्टन बाई दाराशी उभी होती. वय शिवमएवढं असेल. कपाळावर घामानं केस चिकटले होते. वामनराव तिच्यापुढं थांबले.

"बाई, आता तरी खरं सांगा. काय झालं होतं?"

"खरंच सांगितलं होतं, काका," ती म्हणाली. "डावं इंजिन बिघडलं. त्यात आग लागू नये म्हणून ते बंद केलं आणि परत आलो."

"लोक भेतील म्हणून कमी करून नाई सांगितलं?"

"नाही हो. कमी करून सांगितलं की लोक मनानं वाढवून घेतात."

वामनराव पुढं सरकले. शालूबाईनं मात्र त्या बाईच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

विमानतळावर सगळ्यांना एका बाजूला बसवलं. खायला दिलं. मग कंपनीचा एक माणूस येऊन म्हणाला, दुपारी एक दुसरं विमान बंगलोरला जातं, त्यात थोड्या जागा आहेत. ज्यांना फारच निकड असेल त्यांना त्यात बसवू. बाकीच्यांची सोय उद्या सकाळी, राहायला हॉटेल देऊ.

वामनराव उठले नाहीत. शालूबाई उठली. जन्मात जिनं सरपंचासमोर तोंड उघडलं नव्हतं, ती गर्दीत घुसली आणि काउंटरवर हात आपटून म्हणाली, "माझा दीर सिरीयस हाय. शेवटचं भेटाचं हाय. आम्हाले दोघाले आधी पाठवा." त्या माणसानं तिच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता दोन जागा दिल्या. उठताना तिनं वामनरावांचा फोन सोबत घेतला होता, त्यावरून तिथूनच मयुरीला कळवलं, "विमान परत आलं होतं, पण आम्ही बरे हाओत. संध्याकाळपोत पोचतो. भाऊजीले सांग."

ती परत आली तेव्हा शरच्चंद्र वामनरावांपुढं उभे होते. प्रतिमाबाई डोळे पुसत होत्या. त्यांना उद्याचं विमान मिळालं होतं, आणि लग्नाचा मुहूर्त उद्या सकाळचा होता.

"काका, विचारायला जीभ रेटत नाही," शरच्चंद्र म्हणत होते. "तुमचं कारण मोठं आहे, मला कळतं. पण बाप नाही हो त्या मुलीला. मामाच सगळं."

"घ्या," वामनराव म्हणाले.

"काय घ्या?" शालूबाईनं विचारलं.

"जागा घ्या आमच्या. लग्न थांबत नसते. आमचं जे हाय ते थांबलेलंच हाय."

शरच्चंद्रांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. प्रतिमाबाई म्हणाल्या, अशी माणसं अजून आहेत म्हणून जग चाललं आहे. आजूबाजूच्या लोकांनीही वामनरावांकडं कौतुकानं पाहिलं. दोघं नवराबायको काउंटरकडं पळाली. शालूबाई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन मटकन खाली बसली.

"आहो, असं काऊन केलं तुम्ही?"

"हळू बोल."

"काऊन हळू बोलू? भाऊजी जित्ते असतील तर?"

"शालू," वामनराव नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "जित्ता असता तर पोरीनं त्याच्या हाती फोन नसता दिला? बारशाच्या दिवशी फोन आला. घरात पाळणा हाय, सुतक सांगू नाई, म्हणून सिरीयस म्हणली ती. शहाणी हाय."

"तुम्ही म्हणले का तिले, फोन दे म्हणून?"

"असं कोणी म्हणते का? पोरीले पेचात पाडाचं?"

"भाऊजी सांगून गेले होते, माझ्या घरून निरोप येईन तो सरळच असन."

"बोलाले काय लागते. येळ आली का सारे तेच करतात."

शालूबाईनं विमानाच्या दिशेनं बोट दाखवलं. "त्या बाईनं काय सांगितलं? एक इंजिन बिघडलं. तसंच झालं होतं ना? दोन बिघडले होते का? खाली उतरतो म्हणली, उतरलो ना? मंग ती परकी बाई खरं बोलते, अन् आपली मयुरीच काऊन खोटं बोलन?"

वामनराव काउंटरपाशी उभ्या असलेल्या त्या जोडप्याकडं पाहू लागले.

"भेव वाटून राह्यलं म्हणा ना सरळ," शालूबाई म्हणाली. "पुन्हा त्याच्यात बसाचं भेव वाटून राह्यलं तुम्हाले. अन् नाव करता रिवाजाचं."

हे मात्र त्यांना लागलं, कारण ते खोटं नव्हतं. आजच्या आज पुन्हा त्या खुर्चीत बसायचं, हे त्यांना नको होतं. मेलेला भाऊ एक दिवस थांबू शकतो, आणि जिवंत माणसाचं भलं होतं, अशी मनाची समजूत पडल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी शिवमला फोन लावला. "बेटा, आमच्या जागा आम्ही एका लग्नाच्या माणसाले देल्या. उद्या सकाळच्यानं जातो. मयुरीले कळवजो." शिवम काही विचारू लागला, पण त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी फोन बंद करून टाकला. मयुरीचा पुन्हा फोन येईल, पोरीला पुन्हा खोटं बोलावं लागेल, बापाचं मढं समोर ठेवून बाप बोलतो आहे असं म्हणावं लागेल. ते तिला करायला लावू नये म्हणून बंद केला. हॉटेलात शालूबाईनं दोनदा फोन मागितला. त्यांनी उशीखाली ठेवला आणि दिला नाही.

मंगळवारी सकाळचं विमान काही न होता बंगलोरला उतरलं. बाहेर मयुरीचा नवरा उभा होता. तो बोलला नाही, नुसता पाया पडला आणि बॅगा उचलल्या. वामनरावांनी शालूबाईकडं पाहिलं. पाहा, मी म्हणत होतो, असं त्या पाहण्यात होतं. घरासमोर माणसं जमलेली होती. आत भागवतला खाली घेतलेलं होतं. वामनराव त्याच्या पायाशी बसले आणि मोकळेपणानं रडले. आपल्या मनाप्रमाणेच सगळं झालं होतं. एका गोष्टीकडं मात्र त्यांचं लक्ष गेलं आणि ते त्यांना नीट कळलं नाही. भागवतची दाढी गुळगुळीत केलेली होती, केस विंचरलेले होते, जसा तो लग्नाच्या मांडवात येई तसा.

स्मशानातून परत आल्यावर अंघोळीसाठी रांग लागली. मयुरी मोठ्या बाबांचं कोरडं धोतर काढायला त्यांच्या बॅगेपाशी बसली. धोतराखालून कागदी पिशवी निघाली. पिशवीवर रंगरावाच्या दुकानाचं नाव होतं, खाली वरवट बकाल. मयुरीनं आत पाहिलं आणि पिशवी आईच्या हातात दिली. जयमालानं ते पातळ बाहेर काढलं, मांडीवर पसरलं, त्यावरून हात फिरवला. फिकट, बिनकाठाचं.

"हे कवा घेतलं, भाभी?" तिनं विचारलं.

वामनराव ओल्या अंगानं न्हाणीच्या दारात उभे होते. शालूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि मग जयमालाकडं.

"रविवारी," ती म्हणाली. "घरून निघताना."

"रविवारी तर हे जेवले होते," जयमाला म्हणाली. "दोन घास खिचडीचे. माझ्या हातानं."

मयुरी बोलू लागली. ती रडत नव्हती, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण होतं.

"काल दुपारी मोठ्या आईचा फोन आला, संध्याकाळी येतो म्हणून. बाबांना सांगितलं. इंजिनाचं सांगितलं तर हसले, म्हणले, दादा बसला म्हणून बिघडलं असन. मंग म्हणले, माझी दाढी करून द्या, दादा मले असा पाहीन तर रडन. दवाखान्यात न्हावी बोलावला. उशा लावून बसते झाले, चष्मा मागितला. दाराकडं पाहत बसले. मंग शिवमदादाचा फोन आला का तुम्ही जागा दुसऱ्याले देल्या, उद्या येता. तेही मी सांगितलं. आमच्या घरात लपवत नाहीत."

"काय म्हणला?" वामनरावांनी विचारलं.

"म्हणले, दादाले वाटून राह्यलं मी मेलो. फोन लाव त्याले. मी बोलतो. त्याले म्हणतो, आहे अजून. माझा आवाज ऐकला का मानन तो." मयुरी थांबली. "मोठे बाबा, मी किती वेळा लावला फोन. बंद. पुन्हा लावला, बंद. ते हात पुढं करून बसले होते, फोन घ्यायला. मंग नर्सनं मास्क लावला. मंग त्यायचं बोलणं बंद झालं."

वामनरावांनी चौकट धरली. "बेटा," ते म्हणाले, "तू मले सरळ काऊन नाई सांगितलं?"

"सरळच सांगितलं होतं, मोठे बाबा," मयुरी म्हणाली. "सिरीयस हायेत म्हणलं, शुद्धीवर हायेत म्हणलं, तुमचं नाव घेतात म्हणलं. याच्याहून सरळ कसं सांगतात?"

जयमालानं पातळाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी शेजारी सरकवली. "आणलंच हाय तर राहू द्या," ती म्हणाली. "लागनच आता."

शालूबाई उठली. लाडवांचा डबा तिनं तसाच भरलेला ओट्यावर ठेवला, आणि वामनरावांच्या अंगावर कोरडं धोतर टाकलं, त्यांच्या तोंडाकडं न बघता.

वरवट बकालात आता मयत झाली की निरोप द्यायला वामनरावांना कोणी बोलावत नाही. त्यांनीच नको म्हटलं, असं काही जण सांगतात. शालूबाई म्हणते, लोकांनीच सोडलं.

भागवत नारायण ढगे, मूळ राहणार वरवट बकाल, हे माघातल्या त्या मंगळवारी पहाटे, उजाडायच्या आधी, बंगलोरच्या दवाखान्यात वारले. त्या वेळी वामनराव नागपुरात झोपलेले होते आणि फोन त्यांच्या उशीखाली होता.